सोयरा म्हणजे सोयर नव्हे!

प्रश्न असा आलाय: बहिणीला मुलगी झाली, मावशीबाईंनी 'सोयरा' नाव सुचवलं, तर घरातल्या आजी म्हणाल्या, "सोयर म्हणजे विटाळ, पोरीला असलं नाव कोण ठेवतं?" तर या नावाचा खरा अर्थ काय, ते आलं कुठून आणि हल्ली कुणी ठेवत का नाही.

आधी आजींचं बघू, कारण हा घोळ मी इतक्या वेळा ऐकलाय की आता कान तापतात. टीव्हीवर रोज कुणीतरी म्हणतं की अमक्याला तमक्याचं सोयरसुतक नाही. वाक्य बरोबरच असतं, पण विचारा त्याला सोयरसुतक म्हणजे काय, तर उत्तर येतं, सोयरे म्हणजे नातेवाईक ना, मग नातेवाइकांचं सुतक. अहो नाही! घरात मूल जन्मलं की पाळतात ते सोयर आणि कुणी गेलं की पाळतात ते सुतक. ज्याच्या जन्माचंही काही पाळायचं नाही नि मरणाचंही नाही, त्याच्याशी आपलं देणंघेणं नाही, एवढाच त्याचा अर्थ. (त्यातही गंमत बघा, संस्कृतात सूतक हा शब्द मुळात जन्माचा, 'सू' म्हणजे प्रसवणे, मराठीने तो उचलून मरणाला दिला.) सोयर हे माझ्या मते त्याच सूतिकेच्या, म्हणजे बाळंतिणीच्या, खोलीतून आलेलं, हिंदीत बाळंतिणीच्या खोलीला सौरी म्हणतात ते त्याचंच भावंड. सोयरा या शब्दाशी त्याचं नातं फक्त ऐकण्यापुरतं. तेव्हा आजींची शंका निकालात.

दुसरा घोळ शिकलेल्या लोकांचा, म्हणून जास्त चीड आणणारा. 'सोय जाणेल तो सोयरा' अशी म्हण आहे, झकास म्हण आहे, पण म्हणून सोयरा हा शब्द 'सोय'वरून आला असं छातीठोक सांगणारे भेटतात. म्हणीत कोटी असते हो, व्युत्पत्ती नसते. सोय बघून सोयरीक जमवतात हा जगाचा अनुभव झाला, शब्दाचा जन्मदाखला नव्हे. आणि बाळांच्या नावांच्या याद्यांमधे प्रत्येक नावाचा अर्थ 'सुंदर', 'तेजस्वी' नाहीतर 'देवीचे एक नाव' असतो त्यांच्याबद्दल तर मी बोलतच नाही.

आता खरी गोष्ट. सोयरा हा संस्कृत 'सोदर'चा मराठी अवतार. सोदर म्हणजे स + उदर, एका पोटातून आलेला, सख्खा. सहोदर म्हणतो तेच. दोन स्वरांमधे सापडलेला द प्राकृतात टिकत नाही, गळतो, आणि मागे राहिलेली फट बऱ्याचदा य भरून काढतो. पाद चा पाय झाला तो असाच, नदी ची जुन्या मराठीत नई झाली ती अशीच (तिथे य पण नाही उरला). सोदरला क लागून सोदरक, त्याचं सोअरअ, त्याचा सोयरा, जसा घोटक चा घोडा. इथपर्यंत वाद घालायला जागाच नाही.

पण थांबा, इथेच खरी मेजवानी आहे. सोदर म्हणजे एका आईच्या पोटचा, रक्ताचा. आणि मराठीत सोयरा म्हणजे कोण? लग्नाने झालेला नातेवाईक! सोयरीक जमते ती लग्नाची. सगे रक्ताचे, सोयरे लग्नाचे. म्हणजे शब्द पोटातून निघाला आणि मांडवात जाऊन बसला, अगदी उलट टोकाला. हे झालं कसं? तयार उत्तर असं की अर्थ हळूहळू पसरतो, आधी सख्खा भाऊ, मग कुठलाही नातलग, मग लग्नाचा नातलग. मला हे उत्तर आळशी वाटतं. पसरतो ठीक आहे, पण पसरून नेमका तिथेच का जाऊन थांबला?

माझं उत्तर कन्नडच्या दारात आहे. कन्नडमधे आईच्या भावाला 'सोदरमाव' म्हणतात, बापाच्या बहिणीला 'सोदरत्ते', बहिणीच्या मुलाला 'सोदरळिय'. आता हे तीन नातेवाईक कोण आहेत बघा, जिथे मामाच्या मुलीशी लग्न चालतं तिथे हे तिघं म्हणजे सासरा, सासू आणि जावई! आणि मामाच्या मुलीशी लग्न हे काय फक्त कन्नड मुलखातलं आहे का? इरावती कर्व्यांनी नातेसंबंधांच्या अभ्यासात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिणेच्या मधला पट्टा मानलंय ते उगाच नाही. आपल्याकडे कालपरवापर्यंत सुना सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणत होत्या, कुठून आलं ते? मामाची मुलगी केली की तिची सासू ही तिची आत्याच असते, आणि आत्याचा नवरा तो मामा. तर माझं म्हणणं असं की आईचा जो सोदर, तोच पुढच्या पिढीत मुलाचा सासरा आणि आईचा व्याही. एकच माणूस, आधी सोदर मग सोयरा. शब्दाने अर्थ बदललाच नाही, तो जागेवरच उभा राहिला, त्याच्याभोवतीचं नातं बदललं. हे वाचून एका भाषातज्ज्ञ स्नेह्यांनी मला 'कल्पनाविलास' असं एका शब्दात उत्तर दिलं. ठीक आहे, पण कल्पना तरी आहे, त्यांच्याकडे नुसताच विलास.

आणि पुरावा म्हणणार नाही, पण योगायोग म्हणून एवढं ऐकाच. इतिहासातली सगळ्यात प्रसिद्ध सोयराबाई म्हणजे शिवाजी महाराजांच्या राणी, मोहित्यांच्या घरातल्या. सरसेनापती हंबीरराव मोहिते हे त्यांचे भाऊ. सोयराबाईंचे पुत्र राजाराम, आणि राजारामांचं लग्न कुणाशी झालं? हंबीररावांच्या मुलीशी, ताराबाईंशी! मामाच्या मुलीशी. म्हणजे सोयराबाईंचा सोदर त्यांच्याच मुलाचा सासरा झाला, सोयरा झाला. बघायला सोयराबाई तेव्हा हयात नव्हत्या हे खरं, पण या नावाच्या बाईच्याच घरात शब्दाचा सगळा प्रवास दोन पिढ्यांत घडून यावा, हे मला पहिल्यांदा सुचलं तेव्हा त्या रात्री झोप लागली नाही, अतिशयोक्ती नाही करत.

हल्ली या शब्दाला भलताच भाव आलाय ते सोडा. २०२४ च्या जानेवारीत सरकारने जातप्रमाणपत्रांच्या नियमांत 'सगेसोयरे' घालायचा मसुदा काढला आणि सोयरा नेमका कोण यावर सगळा महाराष्ट्र भांडला. मसुद्यातल्या व्याख्येत बाप, आजा, पणजा पण आहेत आणि जातीत झालेली लग्नं पण आहेत. म्हणजे कायद्याला पण पोट आणि मांडव एकाच शब्दात बसवावं लागलं. राजकारणावर मला काही बोलायचं नाही, मी फक्त शब्दाकडे बघून हसलो.

बरं, नाव. इथे एक व्याकरणाची अडचण आहे आणि ती कुणी विचारत नाही याचं मला नवल वाटतं. सोयरा हा शब्द पुल्लिंगी, स्त्रीलिंगी सोयरी, नपुंसकलिंगी सोयरं, म्हणूनच तुकोबांची झाडं आणि वनचरं 'सोयरीं' आहेत. मग बाईचं नाव सोयरा कसं? एका संस्कृतच्या जाणकारांनी मला ठणकावलं की सोदरा असं स्त्रीलिंगी रूप होतं त्याचंच सोयरा. नाही हो! संस्कृतचा शेवटचा स्त्रीलिंगी आ मराठीत घडताना टिकत नाही. जिह्वा ची जीभ होते, शय्या ची शेज, संध्या ची सांज, लज्जा ची लाज, भिक्षा ची भीक. सोदरा ची मराठीत 'सोयर' झाली असती, आणि मग आजी बरोबर ठरल्या असत्या! निर्मळा, मुक्ता ही उदाहरणं देऊ नका, ती तयार संस्कृत नावं आहेत, मराठीने ती दळून काढलेली नाहीत, फारतर ल चा ळ केलाय.

हा आ मायेचा आहे. बहीण ची बहिणाबाई होते, जनी ची जनाबाई होते, तशी सोयरी ची सोयराबाई. बाई लागायच्या आधी नावाला आ चिकटतो, आणि बाई गळून पडली तरी तो आ राहतो. आता बहिणा आणि सोयरा शेजारी ठेवून बघा. भगिनी ची बहिणा, सोदर ची सोयरा. अर्थाने सख्ख्या जुळ्या! शिवाय सखू आणि सई या दोघी सखीच्या (सखी, सही, सई असा सरळ रस्ता आहे, त्या सईचा सहीशी म्हणजे स्वाक्षरीशी संबंध लावणाऱ्यांना हात जोडून नमस्कार). म्हणजे मराठीत मुलींना नात्याचंच नाव द्यायची एक जुनी चाल होती, पोरीला लक्ष्मी-सरस्वती करण्याऐवजी 'आपली' म्हणून हाक मारायची. मला ही चाल देवीच्या नावांपेक्षा जास्त गोड वाटते.

दुर्मिळ का, याला मात्र व्युत्पत्ती कामाची नाही. १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांच्या शेजारी पट्टराणी म्हणून सोयराबाई होत्या. १६८० ला महाराज गेले, राजारामांना मंचकावर बसवायचा खटाटोप झाला, तो फसला, सख्खा भाऊ हंबीररावसुद्धा संभाजी महाराजांच्या बाजूने उभा राहिला आणि १६८१ ला सोयराबाईंचा शेवट झाला. त्यानंतर कादंबऱ्या-नाटकांनी त्यांना कायमची सावत्र आई करून टाकली. लोक कैकेयी नाव ठेवत नाहीत त्याच कारणाने सोयरा ठेवत नाहीत. सईबाई १६५९ लाच गेल्या, संभाजी महाराजांची आई म्हणून गेल्या, त्यांचं नाव आज हाक मारली तर बालवाडीत तिघी वळून बघतात.

पण मग दुसरी सोयराबाई का नाही आठवत कुणाला? चौदाव्या शतकातली, चोखोबांची बायको, स्वतः संत, स्वतः अभंग रचणारी. बऱ्याच अभंगांत ती स्वतःचं नाव घालतच नाही, 'चोख्याची महारी' अशीच सही करते, त्यामुळे नाव मागे पडलं असेल. आजींना मात्र तिचा विटाळावरचा अभंग जरूर वाचून दाखवा, त्यात ती सरळ विचारते की विटाळ देहातच जन्मतो, त्यातूनच सगळे देह होतात, मग सोवळा राहिला कोण. सातशे वर्षांपूर्वी एका सोयरेनेच उत्तर देऊन ठेवलंय, मी उगाच एवढं टायपत बसलो.

तर ठेवा नाव, खुशाल ठेवा. शाळेत पोरं सोयाबीन म्हणणार हे मात्र गृहीत धरा, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.