घरी इलेक्ट्रॉनिक संगीत करण्यासाठी 50,000 रुपयांत कोणते साहित्य घ्यावे? 8 इंची मॉनिटर घेतले तर चालतील का?

प्रश्नकर्त्यांनी तपशिलात लिहिले आहे की लॅपटॉप घरात आहे, खोली 10 बाय 10 फुटांची आहे, हाताशी 50,000 रुपये आहेत, त्यांतले 35,000 रुपये 8 इंची मॉनिटरच्या, म्हणजे स्टुडिओत ऐकण्याच्या स्पीकरच्या, जोडीवर घालायचा विचार आहे आणि भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवायचे आहेत. एरवी मी अशा खरेदीच्या प्रश्नांना उत्तरे देत नाही. पण हा प्रश्न शब्दाशब्दाने सात वर्षांपूर्वीचा माझाच प्रश्न आहे आणि त्या खरेदीचे हप्ते मी दोन वर्षे फेडले आहेत.

सरळ सांगायचे तर मॉनिटर घेऊ नका. 8 इंची नको आणि 5 इंचीही नको, निदान पहिले वर्षभर तरी नको.

माझे घर इचलकरंजीत आहे. माडीवरची खोली तुमच्यासारखीच 10 बाय 10, स्लॅबपर्यंतची उंची साडेनऊ फूट, आणि मागच्या भिंतीपलीकडे यंत्रमागांची शेड. माझ्या मावसभावाचा, ज्याला मी दादा म्हणतो, लग्नकार्यांना आणि मिरवणुकांना साउंड भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे आवाजाच्या बाबतीत आमच्या घरात त्याचा शब्द अखेरचा मानला जात असे. मी 5 इंची स्पीकरची चौकशी करत होतो, तेव्हा त्याने "खेळण्यात बेस कळत नसतो" असे एका वाक्यात निकाली काढले आणि स्वतः दुकानात सोबत येऊन 34,000 रुपयांची 8 इंची जोडी माझ्या गळ्यात मारली. मीही आनंदाने मारून घेतली, हे कबूल केले पाहिजे.

त्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या मंडळासाठी मी एक ट्रॅक केला. हलगीचा ठेका, त्याखाली पांढरी सहा पट्टीतला सिंथचा (सिंथेसायझरचा) बेस, आणि चार ठोके सरळ पडणारा किक, म्हणजे खालच्या आवाजाचा ड्रम. हलगी वाजवायला गल्लीतलाच एक मुलगा आला होता; शेडमधले माग दुपारी जेवणाच्या सुटीत थांबत, तेवढ्या वेळात आम्ही तिचे तुकडे टिपले. मिक्सिंगला तीन आठवडे गेले. मॉनिटर भिंतीपासून लांब ठेवावेत असे मी कुठेतरी वाचले होते, म्हणून टेबल आणि खुर्ची ओढून खोलीच्या बरोबर मधोमध आणली होती. तिथे बसून ऐकताना बेस काही केल्या भरत नसे; आज अर्धा डेसिबल, उद्या एक, असे करत करत मी तो एकूण 6 डेसिबलने वर नेला, तेव्हा कुठे मनासारखे वाटू लागले.

मंडळाच्या मुलांसमोर, दादाच्याच साउंडवर तो ट्रॅक पहिल्यांदा लावला. सुरुवातीची नुसती हलगी सुरेख वाजली, मुले हात वर करून उभी राहिली, आणि मग बेस आला. हलगी बुडाली. अ‍ॅम्प्लिफायरवरचे लाल दिवे लागले आणि प्रत्येक किकसरशी सगळा आवाज आत खेचला जाऊन पुन्हा वर येऊ लागला. दादाने मिक्सरवरचे खालच्या पट्ट्याचे बटण सगळ्यांच्या देखत शेवटपर्यंत डावीकडे फिरवले आणि म्हणाला, "स्पीकर आणलास चांगला, पर कान कुठनं आणणार?" वीस मुले हसली. मिरवणुकीत तो ट्रॅक वाजला नाही.

दोन महिने मी टेबलाकडे फिरकलो नाही. नंतर एका संध्याकाळी संशय म्हणून सिंथमधून नुसती 55 हर्ट्झची साधी साइन लहर, म्हणजे तीच पांढरी सहा अगदी खालच्या सप्तकातली, अखंड चालू ठेवली. खुर्चीत बसलो तर जेमतेम गुणगुण. उठून दोन पावले खिडकीकडे गेलो तर आवाज वाढला. कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो तर छातीत घुमू लागला आणि लोखंडी कपाटाचा आरसा चौकटीत थरथरू लागला. पुन्हा खुर्चीपाशी आलो, आवाज नाहीसा झाला. एवढ्यात खालून आईची हाक आली, "अरे, मांडणीवरची भांडी हलायलीत, काय चाललंय वर?" ज्या माणसाने तो आवाज ऐकण्यासाठी 34,000 रुपये मोजले होते, त्याला तो ऐकू येत नव्हता आणि खाली स्वयंपाकघरात आईला येत होता.

याचे गणित शाळेतल्या पुस्तकापलीकडचे नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. 10 फूट म्हणजे 3.05 मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची बरोबर अर्धी लांबी मावते, ती तिथे स्थिर लहर होऊन उभी राहते, आणि या मापाला ती येते सुमारे 56 हर्ट्झवर. तिचा दाब भिंतींशी सर्वांत जास्त असतो आणि मध्यावर जवळजवळ शून्य. लांबी आणि रुंदी सारखीच असल्यामुळे दोन्ही दिशांच्या लहरी एकाच हर्ट्झवर येऊन बसतात आणि उंची साडेनऊ फूट म्हटल्यावर तिसरीही फार लांब राहत नाही. चौरस खोली ही ध्वनीसाठी सर्वांत वाईट खोली, आणि तिचा मध्यबिंदू ही तिच्यातली सर्वांत वाईट जागा. मी नेमका तिथेच खुर्ची टाकून तीन आठवडे बसलो होतो. किकचा मूळ स्वरही याच टापूत असतो. जे खोलीने गिळले होते ते मी ट्रॅकमध्ये भरत गेलो, आणि 6 डेसिबल म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडून त्या पट्ट्यात चौपट शक्ती मागणे. मैदानात खोली नव्हती, मागणी मात्र चौपट होती. आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणाऱ्या लिमिटरने दर किकला अख्खा आवाज खाली दाबला आणि त्याबरोबर हलगीही गेली.

आता 8 इंचीचा मुद्दा. यामाहाच्या एचएस5 या 5 इंची मॉनिटरचा पल्ला कंपनीच्या तपशिलाप्रमाणे 54 हर्ट्झपासून सुरू होतो आणि एचएस8 या 8 इंचीचा 38 पासून. कागदावर हा फायदा दिसतो. चौरस लहान खोलीत तो तोटा असतो, कारण खोलीला जिथे त्रास होतो नेमक्या त्याच पट्ट्यात मोठा स्पीकर जास्त जोराने ढकलतो. दादाला मी हे कागदावर आकृती काढून दाखवले. त्याचे उत्तर असे की तो वीस वर्षे मैदानात स्पीकर लावतो आहे आणि त्याला कधी आकृतीची गरज पडलेली नाही. मैदानाला भिंती नसतात, एवढेच माझे म्हणणे होते आणि आजही आहे.

अंड्यांचे ट्रे लावू नका. ते कागदाचे आहेत, आणि 56 हर्ट्झच्या लहरीची पाव लांबी पाच फूट भरते. ती पुठ्ठ्याच्या खळग्यांत अडकत नसते. बाजारात मिळणाऱ्या एक इंची फोमचीही हीच गत: तो फक्त वरचे स्वर खातो, त्यामुळे खोली बोलण्याला शांत वाटते आणि बेस जिथल्या तिथे राहतो. काही करायचेच असेल तर 48 घनतेच्या (घनमीटरला 48 किलो) रॉकवूलच्या, म्हणजे दगडी लोकरीच्या, 2 इंची पाट्या दोन-दोन जोडून, लाकडी चौकटीत बसवून कोपऱ्यांत तिरक्या उभ्या करा. वरून कोरे सुती कापड ताणले की झाले. ते आमच्या गावात किलोवर मिळते. या पाट्यांनीही 56 चा घुमार पूर्ण जात नाही, थोडा आखूड होतो. सर्वांत जास्त फरक फुकटात पडतो तो खुर्ची हलवल्याने: समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या सुमारे 38 टक्क्यांवर, म्हणजे तुमच्या खोलीत पावणेचार ते चार फुटांवर डोके येईल असे बसा.

मग 50,000 रुपयांचे काय करायचे? पहिली वस्तू बंद पाठीचा, म्हणजे कानावरच्या वाट्या बाहेरून बंद असलेला, हेडफोन. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम40एक्स मी त्या वेळी 9,000 च्या आसपास घेतला आणि अजून वापरतो. हेडफोनमध्ये खोलीच नसते, त्यामुळे 55 हर्ट्झ खोलीमुळे वाढत नाही आणि गिळलाही जात नाही. उघड्या पाठीचे हेडफोन मिक्सिंगला चांगले, असे सगळे सांगतात आणि ते खरेही आहे. फक्त मागे माग चालू असताना त्यांत मागच ऐकू येतात. शिवाय बायरडायनॅमिकच्या डीटी 990 प्रोचा अडथळा 250 ओहम आहे; लॅपटॉपच्या भोकातून तो नीट हलत नाही. एम40एक्स 35 ओहमचा आहे, तो लॅपटॉपवर थेट चालतो, आणि म्हणूनच पुढचे विधान धाडसाने करतो: माइक लावायचा नसेल तर ऑडिओ इंटरफेसही, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी पेटीही, आज घेऊ नका. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारे सॉफ्टवेअर) टाकून बफर, म्हणजे आवाजाचा तात्पुरता साठा, 256 नमुन्यांवर ठेवला की सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या गतीला तो सुमारे सहा मिलिसेकंदांचा होतो. एकूण उशीर त्याहून जास्त असतो, पण शिकायला पुरे. हलगी, संबळ, गळा असे काही टिपायचे झाले की मगच फोकसराइटचा स्कार्लेट किंवा त्या तोडीचा दोन इनपुटांचा इंटरफेस घ्या, आणि आसपास गोंगाट असेल तर आसपासचे सगळे टिपणाऱ्या कंडेन्सर माइकऐवजी शुअरचा एसएम58 माइक. कंडेन्सर माझ्याकडे आठवडाभर होता. त्यात हलगीपेक्षा मागाचा धोटा स्पष्ट येत असे.

कीबोर्ड 25 पट्ट्यांचा कोणताही, अकाई किंवा आर्टुरिया, पॅड असलेला. त्यावर वेळ घालवू नका.

सॉफ्टवेअर मात्र विकत घ्या. क्रॅक वापरू नका, आणि हे मी नीतीपेक्षा व्हायरसच्या अनुभवावरून सांगतो. एफएल स्टुडिओ एकदा घेतले की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट मिळतात, पण सर्वांत स्वस्त फ्रूटी आवृत्तीत ऑडिओ रेकॉर्ड करता येत नाही, म्हणून प्रोड्यूसरच घ्या. रीपर 60 दिवस वापरून पाहता येते आणि वैयक्तिक परवाना 60 डॉलरला आहे. सिंथसाठी व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन्ही फुकट आहेत, आणि पहिल्या दोन वर्षांत ते तुम्हाला पुरून उरतील.

यंत्ररूपातला सिंथ या बजेटमध्ये घेऊ नये. रोलंडची टीबी-303 ही बेस वाजवणारी छोटी पेटी गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून 1981 च्या सुमारास निघाली, चालली नाही, 1984 मध्ये बंद झाली आणि जुन्या बाजारात मातीमोल झाली, म्हणून नृत्यसंगीत करणाऱ्या शिकागोच्या पोरांना परवडली. त्याआधी 1982 मध्ये मुंबईत हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी हेच यंत्र रागांसाठी वापरले होते. आज ती जुनी 303 श्रीमंतांची वस्तू झाली आहे आणि तिचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. तेव्हा जे स्वस्त होते ते शिकागोच्या पोरांनी घेतले. आज स्वस्त आहे ते सॉफ्टवेअर.

दोन-तीन हजार अर्थिंगसाठी राखून ठेवा. जुन्या घरांत तिसरी पिन नुसती शोभेची असते आणि मग हेडफोनात 50 हर्ट्झची घरघर येते. माझ्याकडे लॅपटॉपचा चार्जर काढला की ती थांबत असे. मी केबली बदलत राहिलो, शेवटी वायरमनने अर्थिंग करून दिल्यावर ती गेली.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हेडफोनवर डावी-उजवी बाजू खऱ्यापेक्षा जास्त फाकलेली वाटते आणि तासापलीकडे कान थकतात, तेव्हा शेवटचे ऐकणे गाडीत, फोनवर, मित्राच्या घरी करावेच लागते. वर्षभराने 5 इंची जोडी घेतलीत तर माझी हरकत नाही. मीही आता घेतली आहे. तुमची खोली 10 बाय 14 ची असती किंवा तुम्हाला कार्यक्रमांत थेट वाजवायचे असते, तर यांतले अर्धे सल्ले वेगळे झाले असते. किमतीही मी घेतल्या तेव्हाच्या आहेत.

ती 8 इंची जोडी शेवटी दादानेच 18,000 रुपयांना माझ्याकडून घेतली आणि आपल्या गोदामातल्या छोट्या ऑफिसात लावली. मंडळांचे ट्रॅक तो तिथेच ऐकून पास-नापास करतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की बेस कसा भरून येतो पाहा, या पोराला वापरताच आले नाहीत. मागच्या महिन्यात मी तिथे गेलो होतो. बेस खरोखरच भरून येतो. त्याची खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली आहे.