रेषेच्या अलीकडूनच परतणारी मुलं

प्रश्न : रेशीमबागेत 12 ते 14 वर्षांच्या मुलांचा कबड्डीचा सराव घेतो. खेळताना जीव तोडून खेळतात. पण शटल रनिंग (दोन रेषांमध्ये पळत ये-जा) आलं की पोट्टे रेषेला न शिवताच वळतात, मधल्या फेऱ्या रमतगमत काढतात आणि शेवटच्या फेरीत सुसाट सुटतात. शेवटी येणाऱ्याला पाच फेऱ्या जास्त देतो, तरी फरक नाही. काय करावं?
– एक प्रशिक्षक, नागपूर

उत्तर : आधी ती पाच फेऱ्यांची शिक्षा बंद करा. ती सगळ्यात कमकुवत मुलाच्या थकलेल्या पायांवर पडते आणि बाकीचे एवढंच शिकतात की शेवटून दुसरं आलं तरी भागतं.

दम राखून पळण्याचं मोठं कारण म्हणजे किती फेऱ्या आहेत हेच मुलांना ठाऊक नसतं. ‘शिट्टी वाजेपर्यंत’ म्हटलं की कोणीही हात राखूनच पळेल. आकडा आधी सांगा आणि तो वाढवू नका. एकदा जरी ‘अजून दोन’ म्हणालात, तर पुढच्या वेळी त्या दोन फेऱ्यांचा दम मुलं आधीच बाजूला काढून ठेवतील.

या वयाला 20 मीटर जाऊन परत येणं ही एक फेरी, अशा सहा पुरेत. प्रत्येकीनंतर 40 सेकंद विश्रांती, मग तीन मिनिटं थांबून आणखी सहा. आठवड्यातून दोनदाच. मुलांच्या जोड्या लावा : एक पळेल, दुसरा मोबाइलवर वेळ मोजून वहीत लिहील. पहिली फेरी 10 सेकंदांत आणि शेवटची 11 मध्ये आली, तर मूल प्रामाणिकपणे पळालं. एवढी घट साहजिक आहे. मधल्या साडेबारा आणि शेवटची एकदम 10, तर दम राखला होता. ही वही ज्याची त्यालाच दाखवा, तुलना त्याच्याच मागच्या आठवड्याशी करा. ‘सहाही फेऱ्या एका लयीत काढल्यास’ ही शाबासकी पहिल्या नंबरच्या कौतुकापेक्षा जास्त काम करते, कारण ती सगळ्यात हळू मुलालाही मिळू शकते.

रेषेचं म्हणाल, तर तुम्ही सुरुवातीला नाही, वळणाच्या टोकाला उभे राहा. दोष देण्याआधी ती जागाही बघा. फक्की पुसलेली, मुरमावर पाय घसरतोय, दोघं एकमेकांवर आदळतायत, असं असेल तर मूल अलीकडून वळणारच. प्रत्येकाला दीड मीटर रुंद पट्टा द्या, खडे वेचून घ्या. शेवटची तीन पावलं लहान, कंबर खाली, हात रेषेला. हे वळण वेगळं, सावकाश शिकवा.

आणि विदर्भात एक गोष्ट विसरून चालणार नाही : सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. वाहक मूल, म्हणजे ज्याला आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलाय ते, एरवी ठणठणीत असतं. पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, विश्रांतीशिवाय जोरात पळवलं तर ते कोसळू शकतं, जिवावरही बेतू शकतं. मांड्या-पोटऱ्या दुखून एकदम गळून गेल्या, धाप लागली, तर त्याला कामचुकार ठरवू नका. त्याच क्षणी थांबवा, सावलीत बसवा, पाणी द्या. लगेच बरं वाटलं नाही तर थेट रुग्णालय गाठा. साध्या रक्ततपासणीने हे कळतं. हंगामाच्या आधीच पालकांना विचारून ठेवा. अशा मुलाला खेळातून काढायचं नाही, फक्त विश्रांती वाढवायची आणि वेग त्याचा त्याला ठरवू द्यायचा. एप्रिल-मेमध्ये तर सगळ्यांचंच पळणं सकाळी सातच्या आत संपवा.

प्रश्न : मुलगी 13 वर्षांची, फुटबॉल खेळते. फिटनेसच्या दिवशीच गुडघा दुखतो म्हणते. बहाणा समजावा का?
– एक आई, मानकापूर

उत्तर : वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तो अंगठ्याने हलकेच दाबून बघा. नेमकं तिथेच दुखत असेल तर दुखणं खरं असण्याची शक्यता जास्त. उंची झपाट्याने वाढते त्या वयात मांडीचा स्नायू तिथे ओढ देतो आणि उड्या, जोरात पळणं, झटक्यात थांबणं यांनीच ते दुखतं, म्हणूनच फिटनेसच्या दिवशी. काही आठवडे उड्या आणि स्प्रिंट कमी करा, सरावानंतर कापडात गुंडाळून बर्फ 10 ते 15 मिनिटं लावा. दुखणार नाही इतपत सायकल आणि पोट-पाठीचे व्यायाम चालू राहू द्या. लंगडत असेल, रात्री दुखत असेल किंवा गुडघा सुजला असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘नाटक करतेस का’ असं मात्र विचारू नका. पुढच्या वेळी ती दुखणं लपवून पळेल.