हापूसचे नमुने पुण्याला पाठवण्याआधी

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी देवगड आणि रत्नागिरीच्या हापूसमधले मेटाबोलाइट तपासायचे आहेत, फळं पेटीत भरून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवणार आहोत, तर जीसी-एमएस (रेणू वायुरूपात वेगळे करून ओळखणारी तपासणी) करून घ्यावं की एलसी-एमएस (तेच द्रवात करणारी), असं तुम्ही विचारलंय. यंत्राचं उत्तर सोपं आहे. वास शोधायचा असेल तर जीसी, कारण वास म्हणजे उडून जाणारे रेणू. रंग, आम्लं, तुरट द्रव्यं बघायची असतील तर एलसी. पण 'पेटीत भरून' हे वाचलं आणि काळजी वाटली, म्हणून एवढं लांब लिहितोय.

मेटाबोलाइट म्हणजे पेशीत सतत घडत आणि मोडत असलेले लहान रेणू. फळ झाडावरून उतरलं म्हणून पेशीतलं हे काम थांबत नाही. हापूसचं तर आपल्याला घरातच कळतं. कच्च्या फळाला जो चिकाचा उग्र वास येतो, त्यात ऑसिमीनसारख्या टर्पीनांचा मोठा वाटा असतो. तेच फळ आढीत घातलं की आठ-दहा दिवसांत लॅक्टोन आणि फ्युरॅनोन हे गोड वासाचे रेणू वाढतात नि माजघर घमघमायला लागतं. तुमची पेटी घाट चढत असते तेव्हा तुम्हाला जे मोजायचंय तेच आत बदलत असतं.

आमचं एकदा असंच झालं. दोन गावांचे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, तुलनेला घेतले होते. एका गावचे सकाळी काढून दुपारी सालं वेगळी केली. दुसऱ्या गावचे गोणपाटात बांधून एसटीने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचले. मे महिना होता. पोतं सोडलं तर तळाची फळं फुटून पाझरलेली, आंबूस वास सुटलेला, बोटांना लागलेला रस लाल कमी आणि तपकिरी जास्त. तरी आम्ही धुऊन पुसून सालं घेतली. आलेखात दोन्ही गावं इतकी स्वच्छ वेगळी पडली की सगळे खूश. पुढच्या हंगामात दोन्हीकडची फळं उतरवल्यावर तासाभराच्या आत गोठवली, आणि तो फरक जवळजवळ दिसेनासा झाला. आदल्या वर्षी आम्ही मोजला होता तो एसटीचा प्रवास. एक अख्खं वर्ष गेलं, आणि एका मुलीचा प्रबंध पुन्हा लिहावा लागला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

हे फळांपुरतं नाही. बांगड्याच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू त्याचं हिस्टमीन करतात. मग तिरफळं घालून तिखलं कितीही उकळा, हिस्टमीन उष्णतेने जात नाही. तोंड लाल होतं, खाज सुटते, डोकं ठणकतं, आणि माणूस समजतो की आपल्याला माशाची ॲलर्जी आहे. रक्ताचंही तेच. साध्या नळीत तसंच ठेवलेलं रक्त असेल तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात आणि दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. म्हणून साखरेच्या तपासणीला फ्लोराइडची, करड्या झाकणाची नळी वापरतात. आणि ज्या रोगापासून चयापचयातल्या जन्मजात दोषांच्या अभ्यासाची सुरुवात मानतात, तो अल्काप्टोन्युरिया बघा. आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्रज डॉक्टरांनी १९०२ साली त्यावर लिहिलं. या रोगात होमोजेंटिसिक आम्ल मोडत नाही, ते लघवीतून बाहेर पडतं. लघवी ताजी असताना नेहमीसारखी दिसते, हवेत राहिली की काळी पडते. तिथे नमुना ठेवल्यावर होणारा बदल हीच रोगाची खूण.

आता तुमच्या कामाचं. फळ चौदा आणे तयार झालेलं घ्या, दोन्हीकडे एकाच निकषाने. एका कलमाची दहा फळं म्हणजे दहा नमुने होत नाहीत, तो एकाच झाडाचा नमुना झाला. त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या बागांतली झाडं वाढवा, फळं कमी घ्या. कच्च्या फळाचे नमुने बागेतच गोठवा. पिकल्या वासासाठी दोन्हीकडची फळं एकाच खोलीत, एकाच पेंढ्यात आढी घालून पिकवा, आणि एकाच अवस्थेत कापा. साका (गरातला पांढरट, न पिकलेला भाग) निघाला तर ते फळ फेकू नका, वेगळं बांधून वहीत नोंद करा. गराच्या लहान फोडी कापल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये टाका, तिथून पुढे उणे ८० अंशांत, आणि पुण्याला सुक्या बर्फात, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये. वासाचं काम असेल तर फ्रीझ-ड्राय (गोठवून निर्वातात सुकवणं) करू नका, अर्धा वास तिथेच उडतो.

नायट्रोजन कुठून आणायचा, हा प्रश्न येणारच. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतात. प्राचार्यांचं पत्र घेऊन जा आणि त्यांच्याकडे तो कधी, कुठून भरून येतो ते विचारा. भांड्याचं झाकण घट्ट बसवायचं नाही, आणि बंद काचांच्या गाडीत ते घेऊन बसायचं तर मुळीच नाही. वायू कोंडला की श्वासाला हवा उरत नाही.

प्रयोगशाळेला आधीच सांगा की सगळे देवगड आधी आणि सगळे रत्नागिरी नंतर असं यंत्रात घालू नका. यंत्राची संवेदनक्षमता दिवसभरात सरकते, म्हणून क्रम मिसळून घ्या आणि सर्व नमुन्यांचं थोडं थोडं एकत्र केलेलं मिश्रण मधून मधून चालवा, म्हणजे ते सरकणं लक्षात येईल. निकालात संगणक जी नावं सुचवतो ती संग्रहातल्या नोंदींशी जुळवून सुचवलेली असतात. ज्या दोन-चार रेणूंवर तुमचा निष्कर्ष उभा राहणार आहे, त्यांचे शुद्ध नमुने विकत घेऊन त्याच यंत्रावर ताडून बघा.

फळ कधी उतरवणार ते इथे लिहा. शक्य झालं तर पहिल्या दिवशी बागेत मी स्वतः येईन. फोडी कापून भांड्यात टाकेपर्यंत किती सेकंद जातात, ते आपण दोघं घड्याळ लावून बघू.