तीच होडी, तोच जांभा : चित्रकलेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे, सावर्ड्याला चित्रकला शिकते. सुट्टीत घरी आली की किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी आणि मागच्या मांगराची, म्हणजे गोठ्याची, जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत, एवढंच काढते. दोन वर्षं हेच चाललंय. लोक म्हणतात, विषय बदलायला सांगा. सांगू का?
– एक पालक, गुहागर

सांगू नका. अलिबागजवळच्या नागावला जन्मलेले प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) झाडाचं पान, घड्याळ अशा साध्या वस्तूंकडे पुन्हा पुन्हा वळत राहिले. फ्रान्समध्ये क्लोद मोने यांनी १८९०-९१ च्या सुमारास शेतातल्या गंजींची पंचवीसच्या आसपास चित्रं केली. विषय तोच राहिला म्हणून चित्र शिळं होत नाही. हाताला सवय लागली आणि डोळ्यांनी बघणं सोडलं, की मात्र होतं.

हे तपासायला सोपं आहे. तिची शेवटची दहा चित्रं पडवीत ओळीने मांडायला सांगा. क्षितिजाची रेघ दहाही चित्रांत एकाच उंचीवर आहे का? नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, एकाच बाजूला वळलेली आहे का? तसं असेल तर होडी पाठ झाली आहे. मग होडी तीच ठेवावी, पण दर वेळी एकच गोष्ट बदलावी : नजरेची उंची, वेळ किंवा पाणी. तिन्ही एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते तिला कळणार नाही.

सुरुवात बांधणीपासून करावी. होडीचा आकार केळ्यासारखा होतो, कारण आपण फक्त जवळचा काठ बघून वाक काढतो. आडवा, लांबट इंग्रजी आठचा आकडा काढायचा, जवळचं वेटोळं मोठं, लांबचं लहान. दोन्ही काठांचे वाक त्यातच मिळतात, नंतर नाळ आणि वरामाची (मागच्या बाजूची) टोकं जोडायची. उलांडीची (तोल राखायला बाजूला लाकूड जोडलेली) होडी असेल तर आडवे दांडे होडीच्या काठावर कुठे टेकतात आणि दोरीने कुठे बांधले आहेत हे जवळ जाऊन बघावं. ती बांधणी नीट आली नाही तर उलांडी होडीची वाटतच नाही, शेजारी पडलेलं लाकूड वाटते. या अभ्यासाला जून-जुलै उत्तम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि समुद्र खवळलेला असल्याने लहान होड्याही वर ओढून झाकलेल्या असतात. दोन महिने न हलणारं मॉडेल दुसरं कुठे मिळणार?

त्यानंतर पाणी. होडी काल वाळूत होती आणि आज त्याच वेळी तरंगतेय, म्हणून चित्र अर्धवट राहिलं, अशी तक्रार बहुतेक मुलं करतात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. कोळ्यांचा हिशोब वापरावा : पक्षातल्या तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरायचा. अर्धवट चित्र पुढच्या पक्षातल्या त्याच तिथीला त्याच जागी बसून पुरं करावं. तेव्हा पाणी जवळजवळ तिथेच असतं.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट हाती लागते, आणि आम्हाला ती फार मोलाची वाटते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे जातं आणि ओली वाळू आभाळाचा रंग धरते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, ती वाळू त्या वेळी पाण्याखाली असते. ओल्या वाळूतलं प्रतिबिंब हवं असेल तर कॅलेंडर बघून निघावं.

उजेडाचंही तसंच आहे. आपला किनारा पश्चिमेला. सकाळी ऊन पाठीमागून येतं, होडीचे रंग स्वच्छ दिसतात, सावल्या समुद्राकडे पडतात. संध्याकाळी ऊन समोरून येतं, होडी काळपट होते, तिच्या रंगांपेक्षा आकार बोलतो. सकाळचं चित्र संध्याकाळी पुरं करू नये, चित्रात दोन सूर्य होतात. दुपारी अकरा ते साडेतीन घरात बसून रेखाटनं करावीत.

प्रश्न : जलरंगात जांभ्याची भिंत काढली की ती विटांची वाटते. काय चुकतं?
– एक विद्यार्थी, देवगड

दोन गोष्टी चुकत असाव्यात, माप आणि रंग. चिरा फूट-सव्वाफूट लांब असतो. सहा फुटी दाराच्या उंचीत चिऱ्याचे आठ-दहा थरच बसतात. तुम्ही वीस काढलेत तर पाहणारा विटाच समजणार.

रंगात शुद्ध लाल वापरू नका. यलो ऑकर एक भाग आणि बर्न्ट सायना दोन भाग, भरपूर पाण्यात, सगळ्या भिंतीवर एकच पातळ वॉश. सांधे आखू नका. हा थर पूर्ण वाळला पाहिजे. तळहाताची मागची बाजू कागदाला लावून बघा, गार लागला तर अजून ओला आहे. पावसाळ्यात अर्धा-पाऊण तासही लागतो. घाई केली की दुसऱ्या थरातलं पाणी पहिल्या थरात घुसतं आणि फुलकोबीसारखे डाग पडतात. मग लाइट रेड तीन भाग, अल्ट्रामरीन एक भाग, आणि तिनातल्या एखाद्याच चिऱ्यावर. अल्ट्रामरीनचे कण खरबरीत कागदाच्या खळग्यांत बसतात, जांभ्याची भोकं आपोआप दिसतात. वर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा फिरवा. सांधे फक्त सावली असेल तिथे, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनने, तेही तुटक. नुकताच काढलेला चिरा पिवळसर-तांबूस असतो, हवेत राहून कठीण आणि गडद होतो, पावसाळे खाऊन वरून काळा पडतो. भिंत किती जुनी आहे ते आधी ठरवा.

पोत आणायला ओल्या रंगावर मीठ टाकण्याची युक्ती कोकणात करू नका. राहिलेलं मीठ दर पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तिथे दमट डाग उमटतो.

जलरंगात किती ताकद आहे याची शंका आली तर सावंतवाडीला जन्मलेले सा. ल. हळदणकर आठवा. दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं प्रसिद्ध चित्र जलरंगातलं आहे.

प्रश्न : पावसाळ्यानंतर कोऱ्या कागदावर रंग शोषला जाऊन ठिपके पडतात. कागद खराब निघाला का?
– एक वाचक, श्रीवर्धन

कागद चांगलाच असेल, बुरशीने त्यावरचा सरस, म्हणजे रंग आत शोषू न देणारा लेप, खाल्ला आहे. तो परत येत नाही. असे कागद कोळशाच्या रेखाटनांना वापरा. पुढच्या वर्षी मार्चअखेर, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना, कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि पत्र्याच्या ट्रंकेत, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. जुलैत बंद केलेत तर दमट हवाच आत कोंडली जाते. फ्रेम केलेली चित्रं भिंतीला चिकटू देऊ नका, मागच्या चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा.

प्रश्न : समुद्र सोडून कोकणात काय बघावं? आणि लोककलेतून घेतलं तर ती नक्कल होते का?
– एक तरुण चित्रकार, कुडाळ

तुमच्या शेजारीच पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी बघा. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ही चित्रं भिंतीवर लावायला केलेली नाहीत. त्यांची पोथी असते, कथा गात-सांगत एकेक चित्र समोर धरलं जातं. त्यामुळे ती लांबून, क्षणात कळावी लागतात. तुम्ही मोठे डोळे आणि दागिने तेवढे उचललेत तर नक्कल होईल. दोन पात्रांमधली मोकळी जागा किती, कोण कोणाकडे तोंड करून आहे, हे मोजून आपल्या बाजाराच्या किंवा रापणीच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढण्याच्या) चित्रात वापरा. ते शिकणं आहे. आणि कुठून घेतलं ते प्रदर्शनात लिहा.

दुसरी जागा सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरची, कातळशिल्पं : जमिनीवरच्या कातळात कोरलेली चित्रं. २०२२ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. राजापूर तालुक्यात कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. उभ्याने तो एका नजरेत मावत नाही, म्हणून अंदाजाने काढलेला हत्ती नेहमी आखूड होतो. दोन मोजपट्ट्या काटकोनात पसरा, टोकांवर दगड ठेवा, खिळे ठोकू नका. एक मीटरला दोन सेंटिमीटर धरलं तर चित्र ३६ बाय २६ सेंटिमीटरचं होतं आणि ए-३ ग्राफ पेपरवर बसतं. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा. तिरप्या उन्हात खाचांत सावली भरते, दुपारी त्या दिसतच नाहीत. फोटोसाठी खाचांत खडू किंवा चुना कधीही भरू नका, आणि रेषांवर पाय देऊ नका.