गाणं स्टुडिओत घडताना दाखवणारी डॉक्युमेंटरी कोणती?

रॉक बँडचं एखादं गाणं स्टुडिओत प्रत्यक्ष तयार होताना दिसेल अशी डॉक्युमेंटरी कुठली, आणि संगीत न शिकलेल्या माणसाला ती कळेल का, असं तुम्ही विचारलंय. फ्रेंच दिग्दर्शक गोदारचा 'वन प्लस वन' बघा. नक्की कळेल, फक्त कान तालाकडे ठेवा.

जून 1968, लंडनमधला ऑलिम्पिक स्टुडिओ, रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश रॉक बँड आणि त्यांचं 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' हे एकच गाणं. सुरुवातीला ते अगदी संथ आहे. वाजवतात, थांबतात, पुन्हा पहिल्यापासून घेतात, पण रंग भरत नाही. मग ताल बदलतो. रॉकी डिजॉन कोंगा (हातांनी वाजवायचे उंच ढोल) वाजवायला बसतो, बँडचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स बास म्हणजे खर्जातली गिटार घेतो, एरवी बास वाजवणाऱ्या बिल वायमनच्या हातात माराकास म्हणजे खुळखुळे येतात, आणि तेच गाणं सांबा या ब्राझिलियन नाचाच्या तालाच्या अंगाने धावू लागतं.

मी गोव्यातला, फोंड्याकडचा; घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने म्हणतात त्या घुमट आरतीत शामेळ हे जोडीचं तालवाद्य वाजवतो. चवथीआधीच्या (गणेश चतुर्थीआधीच्या) सरावात आमचं हेच होतं. आरती सगळ्यांना तोंडपाठ, आवाजही खणखणीत, तरी बसत नाही. मग शामेळाची लय जराशी चढवली की घुमटवाल्यांचे हात मोकळे होतात. पणजीत हा सिनेमा पहिल्यांदा पाहताना कोंगा सुरू झाला आणि माझी बोटं मांडीवर चालायला लागली.

ब्रायन जोन्सकडेही लक्ष ठेवा. बँड उभा करणारा हा माणूस इथे पार्टिशनच्या आड एकटाच गिटार छेडत बसलाय आणि त्याची गिटार धड ऐकूही येत नाही. कॅमेरा सावकाश त्याच्यावरून पुढे सरकतो. पुढच्याच वर्षी जुलैत तो वारला. मला तो प्रसंग अजून बघवत नाही.

मध्येमध्ये भंगारातल्या गाड्यांमध्ये ब्लॅक पँथर (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेचे लोक), पुस्तकांचं दुकान असे राजकीय प्रसंग येतात. ते मला जड गेले. पहिल्या खेपेला तुम्ही ते न बघता पुढे गेलात तरी चालेल.

एक मात्र सांभाळा. निर्मात्याने शेवटी पूर्ण गाणं जोडून वेगळी आवृत्ती काढली होती, गोदार त्यावर भयंकर भडकला होता. तुम्ही गोदारचीच बघा, तिच्यात गाणं अखेरपर्यंत पुरं होत नाही. ती संपल्यावर 'बेगर्स बँक्वेट' अल्बममधलं तयार गाणं लावा. त्याची सुरुवातच कोंगा आणि माराकासने होते.