घरच्या खोलीतला कारखाना : स्वतंत्र सॉफ्टवेअर व्यावसायिकाला वाचकांचे प्रश्न

(बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रे येथे संक्षेपाने दिली आहेत. उत्तरे देणारे लेखक बेळगावच्या शहापूर भागात राहतात आणि गेली सोळा वर्षे कोणत्याही कंपनीत नोकरी न करता एकट्याने सॉफ्टवेअर तयार करून देतात.)

प्रश्न : मी अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे. पुण्यातील नोकरी सोडून गावी परतलो असून स्वतंत्रपणे काम सुरू करण्याचा विचार आहे. घरचे म्हणतात, "हा दिवसभर घरीच बसलेला असतो." आपला दिवस नेमका कसा जातो आणि त्यातले किती तास प्रत्यक्ष कोड लिहिण्यात जातात?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो, कारण ते ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो. चांगल्या दिवशी साडेतीन तास आणि वाईट दिवशी शून्य. उरलेला वेळ ग्राहकाला नेमके काय हवे आहे ते समजून घेण्यात, समजले ते लिहून काढण्यात, चुका शोधण्यात, बिले पाठवण्यात आणि पाठवलेल्या बिलांची आठवण करून देण्यात जातो. हे सारे 'खऱ्या कामातला अडथळा' आहे असे मानणारा माणूस या व्यवसायात वर्षभरात कंटाळतो, असे माझे निरीक्षण आहे.

मी सकाळी साडेसहाला बसतो, कारण त्या वेळी गल्लीतले यंत्रमाग आणि ग्राहकांचे फोन दोन्ही बंद असतात. नवे काही लिहायचे असेल तर ते याच वेळात होते. दहानंतर दिवस आपल्या हातात राहत नाही. गेल्या महिन्यातील एका दिवसाचे उदाहरण देतो. भाजीपाल्याची घाऊक अडत चालवणाऱ्या एका ग्राहकाचा सकाळी फोन आला की, बिलाच्या प्रोग्रॅममध्ये 'कऱ्हाड' हे गाव शोधले असता तिथले अकरा खातेदार दिसायला हवेत, पण चारच दिसतात. बाकीच्या सात जणांची खाती उघडून पाहिली, तर त्यांच्या पत्त्यातही 'कऱ्हाड' असेच लिहिलेले होते आणि पडद्यावर दोहोंत तिळाइतकाही फरक दिसत नव्हता.

दुपारचा एक वाजेपर्यंत मी त्या एका अक्षराच्या मागे होतो. 'कऱ्हाड', 'तऱ्हा', 'दऱ्या' या शब्दांतला आडवा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका पद्धतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात, तर दुसऱ्या पद्धतीत साधा 'र', त्याला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह अशी रचना असते. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन वेगळी गावे ठरतात. जुनी खाती मुनिमांनी दुकानातल्या संगणकावर भरली होती आणि नवी खाती मालकांच्या मुलाने मोबाइलवर, एवढाच सगळा घोळ होता. मजकूर साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपे एकाच रूपात आणणारा कोड बारा ओळींचा झाला. त्याआधी सगळ्या माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवणे आणि मग जुन्या नोंदी एकदाच बदलून घेणे, याला आणखी तास गेला. ग्राहकाच्या दृष्टीने मी बारा ओळी लिहिल्या. मी बिल साडेपाच तासांचे केले, आणि ते तसे का केले हे बिलाखाली चार वाक्यांत लिहिले. पैसे विनातक्रार आले.

संध्याकाळचा वेळ परदेशी ग्राहकासाठी असतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजलेले असताना उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात होतात. पण तिथली घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तीच बैठक आपल्याकडे साडेआठला येते. पहिल्या वर्षी हे माझ्या ध्यानात नव्हते आणि मी तासभर रिकाम्या पडद्याकडे पाहत बसलो होतो.

आपण खानापूर तालुक्यात राहता, त्यामुळे पावसाळ्याचे वेगळे सांगायला नको. इन्व्हर्टर असतोच, पण इंटरनेटच्या राऊटरला बारा व्होल्टचा वेगळा छोटा यूपीएस लावा आणि दुसरी जोडणी वेगळ्या कंपनीच्या मोबाइलची ठेवा. वायर एकाच खांबावरून येत असेल तर दोन जोडण्या घेऊनही त्या एकाच वेळी जातात.

राहिला प्रश्न घरच्यांचा. "घरीच तर आहेस, जरा रेशनला जाऊन ये" हे वाक्य मी अनेक वर्षे ऐकले. वाद घालून काही साधले नाही. शेवटी दहा ते एक खोलीचे दार बंद राहील आणि दुपारी तीन ते चार घरातले कोणतेही काम मी बिनबोभाट करीन, असे ठरवले. त्या एका तासामुळे बाकीचे तास सुटले.

प्रश्न : काम ठरवताना ग्राहक दहा गोष्टी सांगतो आणि काम संपत आले की "एवढे थोडेसे करून टाका" म्हणत आणखी दहा वाढवतो. शेवटचा हप्ता तर अडकतोच. यावर काय करावे?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : आपण वडगावात राहता, तेव्हा उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत दूर नाही. तिथल्या एखाद्या जॉबवर्कच्या शेडमध्ये अर्धा तास उभे राहून पाहा. लेथवर काम करणारा माणूस ड्रॉइंग हातात आल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. ड्रॉइंगवर माप असते आणि त्या मापात किती फरक चालेल तेही लिहिलेले असते. पहिला नग तयार झाला की तो पार्टीला दाखवून मंजूर करून घेतला जातो आणि मगच पुढचा लॉट निघतो. लॉट चालू असताना पार्टीने भोक दोन मिलिमीटरने मोठे हवे म्हणून सांगितले, तर तो माणूस रागावत नाही आणि फुकटही करत नाही. तो नवा दर सांगतो. आपल्या व्यवसायातली बहुतेक भांडणे ड्रॉइंग न घेता मशीन सुरू केल्यामुळे होतात.

आपले ड्रॉइंग म्हणजे दोन-तीन पानांचा साधा मजकूर. कोणते पडदे असतील, प्रत्येकावर काय भरायचे, कोणते अहवाल निघतील आणि कोणत्या गोष्टी या कामात नाहीत, हे त्यात असावे. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच लिहायचा राहतो. 'मोबाइल ॲप या कामात समाविष्ट नाही' हे एक वाक्य मी एकदा लिहिले नव्हते. त्याची किंमत दीड महिना होती.

पैशांच्या बाबतीत मी सुरुवातीला चाळीस टक्के, पहिला चालता नमुना दाखवल्यावर तीस, ग्राहकाच्या संगणकावर बसवण्यापूर्वी वीस आणि महिनाभर वापर झाल्यावर दहा टक्के घेतो. हा काही शास्त्रार्थ नव्हे. मात्र शेवटचा हप्ता इतका लहान असावा की तो बुडाला तरी आपली झोप उडू नये. सुरुवातीच्या काळात एका व्यापाऱ्याचे पूर्ण काम मी निम्म्या पैशांवर सोपवून मोकळा झालो होतो, आणि उरलेल्या निम्म्यासाठी त्यांच्या दुकानी इतक्या वेळा चहा घेतला की शेवटी मलाच संकोच वाटू लागला. ते पैसे आजतागायत आलेले नाहीत.

दोन कायदेशीर गोष्टी माहीत असाव्यात. केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून विनाशुल्क नोंदणी करता येते आणि ती सेवा देणाऱ्यालाही लागू आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करारात काहीही ठरले असले तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. नोंदणी काम घेण्यापूर्वीच करून ठेवा, पैसे अडकल्यावर नव्हे. गावातल्या ओळखीच्या ग्राहकावर हे अस्त्र उचलावे असे मी म्हणणार नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की लेखापाल ते बिल गठ्ठ्याच्या तळाशी टाकत नाही.

दुसरी गोष्ट प्रताधिकाराची, म्हणजे कॉपीराइटची. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. नोकरीत लिहिलेला कोड सामान्यतः मालकाचा असतो. स्वतंत्र कंत्राटदाराने लिहिलेल्या कोडचा पहिला हक्क मात्र, करारात वेगळे ठरले नसेल तर, लिहिणाऱ्याचाच असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि त्या लेखात मुदत नमूद नसेल तर पाच वर्षे व प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरताच तो दिला असे धरले जाते. म्हणून 'संपूर्ण मोबदला मिळाल्यानंतर हक्क ग्राहकाकडे जातील' हे वाक्य करारात असू द्यावे. ते ग्राहकाच्याही सोयीचे आहे, कारण त्यालाही आपल्या हाती नेमके काय आले ते कळते.

प्रश्न : माझे एक ग्राहक कोल्हापूरचे आणि एक बेंगळुरूचे आहेत. जीएसटीचे बिल कसे करावे? नोंदणी आवश्यक आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : सीमाभागात राहण्याची ही एक गंमतच आहे. निपाणीहून कोल्हापूर तासाभराच्या अंतरावर आहे, तरी ते परराज्य. बेंगळुरूला जायला रात्र घालवावी लागते, तरी ते स्वराज्य. आपली नोंदणी असेल, तर बेंगळुरूच्या नोंदणीकृत ग्राहकाच्या बिलावर केंद्राचा ९ टक्के आणि राज्याचा ९ टक्के असा कर लागतो, तर कोल्हापूरच्या बिलावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या व्यवहारावरचा एकत्रित कर. बेरीज एकच असली तरी खाते चुकले तर बरोबर खात्यात पुन्हा भरून चुकीच्या रकमेचा परतावा मागत बसावे लागते. ही चूक मी केली आहे.

वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही आणि ऑक्टोबर २०१७ पासून ही सवलत परराज्यात सेवा देणाऱ्यालाही आहे. मात्र परदेशी ग्राहकांकडून आलेली रक्कमही त्या २० लाखांत मोजली जाते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. नोंदणी झाल्यावर परदेशी कामावर कर न भरता बिल करायचे असेल तर हमीपत्र ऑनलाइन द्यावे लागते आणि ते दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावे लागते. एप्रिलमध्ये पहिले परदेशी बिल करण्यापूर्वी मी ते भरतो. प्राप्तिकराचे गणित आपल्या सी.ए.कडून करून घ्या. फक्त प्रत्येक जमेतून निम्मी रक्कम वेगळ्या खात्यात टाकण्याची सवय लावा. निम्मी जास्त वाटेल, पण कामाविना जाणारे महिनेही त्यातच निघतात.

प्रश्न : माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजी जेमतेम आणि कन्नड त्याहून कमी. या व्यवसायात निभाव लागेल का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : लेखी इंग्रजी हळूहळू जमते, कारण पत्र पाठवण्यापूर्वी चार वेळा वाचायला कोणी मनाई करत नाही. कन्नडची गरज मात्र इथल्या ग्राहकांमुळे पहिल्या दिवसापासून पडते. दुकानदाराशी हिशेब बोलण्यापुरती भाषा पुष्कळ होते, आणि 'जमा', 'खर्चु', 'बाकी' म्हटले की निम्मे काम झालेले असते, कारण ते शब्द दोन्हीकडे नांदतात.

या भागात दोन लिपींत चालणारा प्रोग्रॅम करता येणे ही मोठी जमेची बाजू आहे. पडद्यावरचे शब्द कोडमध्ये न लिहिता प्रत्येक भाषेच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. कन्नड जोडाक्षरातले दुसरे अक्षर ओळीच्या खाली लोंबते, म्हणून ओळींतले अंतर देवनागरीच्या हिशेबाने ठेवले तर खालचा भाग कापला जातो. पावतीच्या छोट्या थर्मल प्रिंटरमध्ये बहुधा या दोन्ही लिपी नसतात. तिथे पावती चित्र म्हणून पाठवावी लागते. माझ्या पहिल्या पावतीवर ग्राहकाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग छापून आली होती. दुकानदाराने ती गल्ल्याच्या काचेखाली अजून जपून ठेवली आहे.

प्रश्न : माझा मुलगा आपल्यासारखेच काम करतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतो. स्थळे येतात, पण "नोकरी कुठे?" या प्रश्नाला आम्हाला उत्तर देता येत नाही.
— एक आई, चिकोडी

उत्तर : आपली काळजी मला समजते, माझ्या आईनेही हेच प्रश्न शेजारणींना विचारले होते. मुलगा परदेशी ग्राहकाचे काम करत असेल तर रात्री नऊ-दहापर्यंत बसणे ओघाने आले. दोन वाजेपर्यंतचे जागरण मात्र बहुतेक वेळा ग्राहकामुळे नसते, तर संध्याकाळी उशिरा केलेल्या बदलामुळे चालू प्रोग्रॅम बंद पडतो आणि तो निस्तरेपर्यंत रात्र जाते, त्यामुळे असते. दुपारी चारनंतर, आणि शनिवारी तर अजिबात, ग्राहकाच्या चालू प्रोग्रॅमला हात लावायचा नाही असे त्याने ठरवले तर निम्मी जागरणे थांबतील. माझी तशीच थांबली.

स्थळाकडील मंडळींना "घरी बसून कॉम्प्युटरवर काहीतरी करतो" असे सांगू नका. त्याची मागील तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे काढून ठेवायला सांगा. घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँकही बहुधा तीच मागते. त्यांना काम पाहायचे असेल तर त्याने प्रोग्रॅम बसवून दिलेल्या गावातल्या एखाद्या दुकानात घेऊन जावे आणि एक पावती छापून दाखवावी.