दुपारचे फोटो पांढरेफटक येतात, रात्रीचे नीट येतात. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर गेला असेल का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून प्रकार असा दिसतो: 2004 साली घेतलेला खिशात मावणारा कॅमेरा, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत दुपारी काढलेले नंदीध्वजांचे (मिरवणुकीतल्या सजवलेल्या उंच काठ्यांचे) फोटो पांढरेफटक, वर जांभळट छटा आणि रेषा. त्याच दिवशी रात्री घरात काढलेले फोटो मात्र छान. दुकानदार म्हणतो सेन्सर गेला, भंगारात द्या.

मला वाटतं सेन्सर (चित्र टिपणारी चिप) शाबूत आहे, शटर (प्रकाश अडवणारी झडप) अडकलंय. याची खात्री घरच्या घरी करता येते, तेव्हा भंगाराची घाई अजिबात करू नका.

त्या काळच्या छोट्या कॅमेऱ्यांत सीसीडी जातीचा सेन्सर असतो. बटण दाबलं की तो प्रकाश गोळा करतो, मग लेन्समधलं छोटं शटर मिटतं आणि त्या अंधारात सेन्सरवरचा विद्युतभार ओळीओळीने सरकवत बाहेर काढला जातो. शटर मिटलंच नाही, तर हा भार सरकत असतानाही ऊन पडतच राहतं. सगळं चित्र पांढरं पडतं आणि उजळ जागांपासून रेषा ओढल्यासारख्या दिसतात. घरात रात्री मुळात उजेडच कमी, त्यामुळे जास्तीचा भार जाणवत नाही आणि फोटो वाचतो. आता यात्रेतली दुपार आठवा. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले (पारंपरिक अंगरख्यातले) एवढे मानकरी आणि वर लख्ख ऊन. अडकलेलं शटर तिथे उघडं पडणारच.

सगळ्यात आधी सेटिंग मूळपदावर आणा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड हाताने कमीजास्त करायची सोय) चुकून अधिक दोनवर गेलेलं असलं तरी फोटो पांढरे येतात, फक्त रेषा येत नाहीत. मग बिघडलेला एक फोटो संगणकावर उघडून त्याची माहिती बघा. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, एफ (लेन्सच्या छिद्राचं माप) 5.6 आणि वेळ 1/500 किंवा 1/800 सेकंद असे आकडे दिसले, तर कॅमेऱ्याने उजेड अगदी बरोबर मोजला होता. मोजमाप बरोबर आणि तरी फोटो पांढरा, याचा अर्थ शटरने हुकूम पाळला नाही. माझ्या मते सगळ्यात भरवशाचा पुरावा हाच, कारण यात कॅमेऱ्याला हातही लावावा लागत नाही.

दुसरी तपासणी डोळ्यांनी करायची. फ्लॅश बंद करा (हे विसरू नका, चेहरा कॅमेऱ्यासमोर असणार आहे), लेन्समध्ये निरखून बघा आणि घरातल्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा. आत काळी, पातळ पाती क्षणभर मिटून उघडताना दिसली पाहिजेत. काहीच हललं नाही, तर निदान पक्कं. मागच्या पडद्यावर फोटो काढण्याआधीचं चित्र ठीक दिसतं म्हणून फसू नका. ते चित्र दाखवताना शटर उघडंच असतं.

दुकानदाराचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, हेही सांगायला हवं. त्या सुमारास सोनीने बनवलेल्या काही सीसीडींमध्ये खरोखरच दोष होता. चिपपासून बाहेरच्या जोडण्यांपर्यंत जाणाऱ्या बारीक तारांचा जोड उष्णता आणि दमटपणामुळे सुटायचा. हे सेन्सर कॅनन, निकॉन, फुजी अशा अनेकांच्या कॅमेऱ्यांत होते आणि 2005 मध्ये कंपन्यांनी एकामागून एक मोफत दुरुस्ती जाहीर केली. ती सोय कधीच संपली. पण त्या बिघाडात फोटो काढण्याआधीच पडद्यावरचं चित्र जांभळं, फाटल्यासारखं किंवा ठार काळं दिसतं, आणि तो दिवस-रात्र बघत नाही. तुमचे रात्रीचे फोटो चांगले येतात, इथेच ती शक्यता मागे पडते. सेन्सरच गेला असता तर मीही पैसे घालू नका म्हणालो असतो.

आता उपाय. बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि फ्लॅश बंद ठेवून एकामागून एक बरेच फोटो काढा. बरीच वर्षं पडून राहिलेलं शटर कधीकधी एवढ्यानेच मोकळं होतं. लेन्सच्या कडेला बोटाने हलकी टिचकी मारायलाही हरकत नाही. हलकीच. तेल, डब्ल्यूडी-40 (गंज सोडवायचा फवारा), स्पिरिट यांतलं काहीही आत सोडू नका, पाती आणखी चिकटतील. आणि स्वतः कॅमेरा उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) 300 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो टिकतो, हाताला जबर झटका बसतो. जुन्या कॅमेऱ्यांवर हात बसलेला कारागीर मिळाला, तर त्याच मॉडेलचा बंद पडलेला कॅमेरा जुन्या बाजारातून घेऊन त्याच्या लेन्सचा भाग बसवून घेता येतो. नवा सुटा भाग शोधण्यात वेळ घालवू नका.

फोटोचा खालचा अर्धा भाग करडा किंवा रंगीत चौकटींचा येत असेल, तर तो मेमरी कार्डाचा दोष. नवीन कार्ड घेताना कॅमेऱ्यात एसडी जातीचं कार्ड बसत असेल, तर एवढ्या जुन्या कॅमेऱ्याला 2 जीबीपर्यंतचंच साधं एसडी लागतं, मोठं तो बहुधा ओळखणारच नाही. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये कॅमेरा गाडीत ठेवू नका. चामडी कव्हरमध्ये वर्षानुवर्षं कोंडूनही ठेवू नका, पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या पुड्या) पुरे.

राहिले यात्रेचे ते फोटो. जिथे पूर्ण पांढरं पडलंय तिथे कुठलंही सॉफ्टवेअर काही परत आणणार नाही. पण ज्यांत चेहरे पुसट का होईना दिसतात, त्यांचा उजेड कमी करून आणि कृष्णधवल करून बघा, जांभळी छटा तरी निघून जाते. मूळ फाइली मात्र पुसू नका, आणि कॅमेऱ्यावर काहीही प्रयोग करण्याआधी त्या कार्डावरून उतरवून घ्या.